गुरुजींचं घर पाडण्याच्या ठरावाआधी

प्रति,
सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष व सदस्य, आणि माझ्या गावच्या ग्रामसभेत बसणारे सगळे भाऊ, वहिनी, काका, काकू यांस

सप्रेम नमस्कार.

येत्या 1 मेच्या ग्रामसभेची नोटीस मला गावातल्या एका भाच्यानं व्हॉट्सअॅपवर पाठवली. त्यात सातवा विषय असा आहे : ‘शाळेलगतच्या जुन्या शिक्षक निवासस्थानाच्या निर्लेखनास संमती देणे व मोकळ्या जागेत ओपन जिम बसविणे.’ निर्लेखन हा कागदावरचा शब्द. साध्या बोलीत सांगायचं तर गुरुजींचं घर पाडायचं, दगड-लाकूड लिलावात काढायचं आणि दप्तरातून त्याचं नाव कमी करायचं.

या घरात माझा जन्म झाला. 1961 च्या जूनपासून 1984 पर्यंत आमचं बिऱ्हाड तिथं होतं. पण म्हणून मी हे पत्र लिहीत नाही. जन्मघराची माया कुणाला नसते? तेवढ्यासाठी गावानं पैसा घालावा, असं मी कधीच म्हणणार नाही. मला लिहायला लावलं ते त्याच नोटिशीतल्या अकराव्या विषयानं : ‘शिक्षक व इतर कर्मचारी मुख्यालयी राहत असल्याबाबत ठराव देणे.’

म्हणजे त्याच दिवशी, त्याच मांडवात, सातव्या क्रमांकाला आपण गावातलं शिक्षकाचं एकमेव घर पाडायला संमती देणार, आणि अकराव्या क्रमांकाला शिक्षक गावात राहतात असं लिहून देणार. या दोन ठरावांच्या मध्ये थोडं थांबा, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि थांबायचं तर त्या घराची हकीकत ऐकून घ्या. ती फक्त माझ्या वडिलांची नाही, तुमचीही आहे.

घर नव्हतं तेव्हा शाळा मारुतीच्या देवळात भरायची. लोकल बोर्डाची शाळा, मास्तर एकच. ते देवळाच्या पडवीत राहायचे आणि वारावर जेवायचे, आज या घरी, उद्या त्या घरी. माझ्या लहानपणी म्हातारी माणसं सांगायची की मास्तर पावसाळ्यापुरता टिकायचा नाही. बदली मागायचा किंवा रजेवर जाऊन यायचाच नाही. देवळातली शाळा म्हटल्यावर आमच्या वस्तीतली मुलं पायरीखाली बसायची. पाऊस आला की त्यांची शाळा सुटायची, आतल्यांची चालू राहायची.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत गावानं शाळेची एक खोली बांधली आणि तिच्याच जोत्याला लागून मास्तरांसाठी दोन खणांचं घर. सोपा आणि माजघर, मागं न्हाणी. दगड ओढ्याचा. तो फोडला तेव्हाच्या महारवाड्यातल्या, म्हणजे आताच्या भीमनगरातल्या माणसांनी आणि वडार मंडळींनी. वाहून आणला तो वरच्या आळीच्या बैलगाड्यांनी. बांधकाम मातीतलं, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. लिंबाच्या तुळया कुणी कुणी दिल्या हे सांगणारी माणसं आता उरली नाहीत. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये मालक म्हणून जिल्हा परिषद आहे, आणि कायद्यानं ते बरोबरही असेल. पण त्या रजिस्टरात बैलगाड्यांचा रकाना नाही आणि दगड फोडणाऱ्यांचाही नाही. जिल्हा परिषदा तर 1 मे 1962 ला अस्तित्वात आल्या. घर त्याआधीचं आहे.

1959 साली आपल्या सातारा जिल्ह्यातून प्रौढांना साक्षर करायची ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढं ती सगळ्या महाराष्ट्रात गेली. त्या मोहिमेचा आपल्या गावातला रात्रीचा वर्ग याच घराच्या सोप्यात भरायचा. दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आधीच्या मास्तरांनी भिंतीवर गेरूनं बाराखडी काढली होती. आम्ही राहायला आलो तेव्हाही ती दिसायची म्हणे. आईनं दर दिवाळीला भिंत पांढऱ्या मातीनं पोतारली, तरी पुढं कित्येक वर्षं ओल आली की ‘ठ’ आणि ‘ड’ वर यायचे. ते मी स्वतः पाहिलेत. माझी ओळख अक्षरांशी तिथं झाली, पाटीवर नव्हे.

आता दादांबद्दल. ते व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, झालेले, कोरेगाव तालुक्यातले. जिल्हा स्कूल बोर्डाची ऑर्डर खिशात घालून 1961 च्या जूनमध्ये माण तालुक्यातल्या या गावी पायी आले. आम्ही बौद्ध. 1956 ची दीक्षा होऊन पाचच वर्षं झाली होती. तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवेल आणि तरुणांना सांगायला हवं, की तेव्हा आमच्यातल्या मास्तरला गावात भाड्यानं खोली मिळणं ही गोष्टच नव्हती. दादांच्या बरोबरीच्या कितीतरी शिक्षकांनी नोकरीची पहिली वर्षं वस्तीबाहेरच्या झोपडीत नाहीतर रोज पाच-सहा मैल चालून काढली. मी ते आरोप म्हणून लिहीत नाही, होतं तसं लिहिते.

दादांना खोली मागावी लागली नाही, कारण शाळेला घर होतं. जो मास्तर येईल त्याचं ते घर. त्याच्या चौकटीनं कुणाला जात विचारली नाही. गावानं बांधताना हा विचार केला नसेल, पण घडलं ते असं. दगड फोडणाऱ्यांच्या समाजातला माणूस त्याच दगडांच्या घरात गुरुजी म्हणून राहायला आला, आणि गावाला त्याच्या दारात यावं लागलं.

यावं लागलं हे मी जाणून लिहिते. सुरुवातीला लोक अंगणात उभं राहून बोलायचे. आईला गावच्या आडावर जाता यायचं नाही. ती ओढ्यात झिरा काढून पाणी आणायची. मग काही वर्षांनी गावाला शाखा डाकघर मिळालं. खेड्यात पोस्टाचं काम बहुतेक वेळा शाळामास्तरकडेच यायचं, कारण लिहिता-वाचता येणारा आणि जागेवर सापडणारा माणूस तोच. आमच्या सोप्याच्या भिंतीला लाल डबा लागला, कोपऱ्यात लोखंडी पेटी बोल्टनं जमिनीत बसवली गेली. आणि माणदेशच तो, घराघरातला एक तरी माणूस मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. महिन्याची मनीऑर्डर याच सोप्यात यायची. ती अंगणात उभं राहून घेता येत नाही. ओट्यावर चढावं लागतं, चटईवर बसावं लागतं, अंगठा द्यावा लागतो.

त्या बायकांचे अंगठे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. शाईचं पॅड जांभळं. दादा हात धरून अंगठा टेकवायचे, कारण पहिल्यांदा आलेली बाई इतकी घाबरायची की कागदावर नुसता डाग पडायचा. पैसे मोजून पदराच्या गाठीला बांधले, की शाई पुसायला काही नसायचं. लुगड्याला पुसली तर डाग जात नाही. मग जाताना सोप्याच्या डाव्या खांबाला अंगठा घासून जायच्या. वर्षानुवर्षं, शेकडो अंगठे. तो खांब आजही छातीच्या उंचीवर जांभळट काळा आहे. लिलावात तो ‘लाकूड, जुने’ म्हणून जाईल. त्यावर तुमच्या आज्यांचे अंगठे आहेत.

पुढं मी शिक्षिका झाले, तेव्हा महात्मा फुल्यांनी 19 ऑक्टोबर 1882 ला हंटर शिक्षण आयोगाला दिलेलं निवेदन वाचलं. प्राथमिक शाळेचे शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातले असावेत, नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे असावेत, त्यांचा पगार 12 रुपयांहून कमी नसावा आणि मोठ्या गावात 15 ते 20 असावा, असं त्यात आहे. आणि आणखी एक गोष्ट आहे, जी मला वाचताना थांबवून गेली. शिक्षकाला गावच्या कारभारात जोडून घ्या, गावचे हिशेब तपासणं, दस्त नोंदवणं, पोस्टाचं काम, स्टॅम्पविक्री अशी कामं त्याच्याकडे द्या, म्हणजे ज्या लोकांत तो राहतो त्यांच्यात त्याचा मान वाढेल. ज्या लोकांत तो राहतो. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या शेजारच्या खटाव तालुक्यातलं. ऐंशी वर्षांनी त्यांचं म्हणणं आमच्या सोप्यात जसंच्या तसं चालू होतं, आणि ते करणाऱ्या माझ्या वडिलांनी ते निवेदन तेव्हा वाचलेलं नव्हतं.

मी शाळेत जायला लागले तोवर आई आडावर जाऊ लागली होती. कुठला ठराव झाला नाही, भाषण झालं नाही. एका काकूनं (तिचं नाव घेत नाही, तिची नातवंडं या सभेत बसतील) आईला रस्त्यात म्हटलं, “बाई, तिकडं लांब कशाला जाताय? चला माझ्याबरोबर.” ती काकू दर महिन्याला मनीऑर्डर घ्यायला आमच्या ओट्यावर येणारी होती.

आता भिंतीच्या तड्याबद्दल, कारण निर्लेखनाच्या प्रस्तावात त्याच तड्याचा फोटो जोडलाय असं कळलं. तो तडा 11 डिसेंबर 1967 चा आहे. कोयनेच्या भूकंपाचा. मी तेव्हा चार वर्षांची. पहाटे दादांनी मला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं, एवढंच मला आठवतं, आणि सगळ्या गावातली कुत्री एकदम भुंकत होती ते. कोयनानगरकडं काय हाहाकार झाला ते नंतर कळलं. आपल्याकडं जीव गेला नाही, पण माजघराच्या उत्तरेच्या भिंतीला वरून खाली तडा गेला.

आई त्या खोलीत निजायला तयार नव्हती. तेव्हा रस्त्याच्या कामावरचे एक ओव्हरसियर पोस्टात यायचे, त्यांनी दादांना एक युक्ती सांगितली. फुटक्या तसबिरीची काच घेऊन तिची बोटभर रुंद पट्टी कापायची आणि तड्यावर आडवी, दोन्ही टोकं सिमेंटमध्ये बसवून ठेवायची. भिंत हलली, तडा रुंदावला, तर काच आधी तडकते. काच शाबूत, तर भिंत शाबूत. दादांनी तशा दोन पट्ट्या बसवल्या, एक वर, एक कमरेच्या उंचीवर, आणि खालच्या सिमेंटात खिळ्यानं 1967 असं कोरलं. पुढं आई रोज सकाळी केर काढताना त्या काचेवर फडकं फिरवायची. देवाच्या तसबिरी पुसाव्यात तशी.

गेल्या दिवाळीत मी आले होते तेव्हा किल्ली मागून आत गेले. मोडके बाक, मतदानाच्या जुन्या पेट्यांचे खोके, तांदळाची रिकामी पोती. ते बाजूला सारून मी मोबाइलच्या उजेडात पाहिलं. दोन्ही काचा अखंड आहेत. 1993 चा किल्लारीचा भूकंप होऊन गेला, इतके पावसाळे गेले, भिंत केसभर हललेली नाही. जे इंजिनिअर साहेब आले असतील त्यांनी तडा पाहिला, काच पाहिली नसेल. धुळीखाली ती दिसत नाही, आणि दिसली तरी ती तिथं का आहे हे सांगायला कुणी नव्हतं.

म्हणून घर ठणठणीत आहे असं मी म्हणत नाही. माळवद गेलेलंच आहे. मधल्या दोन तुळयांना वाळवी लागलीय, न्हाणीची भिंत पोटातून फुगलीय. 2017 साली नगर जिल्ह्यात निंबोडीला शाळेची खोली कोसळून मुलं दगावली, तेव्हापासून जुन्या इमारतींबद्दल अधिकाऱ्यांच्या मनात जी धास्ती आहे ती खरी आहे, आणि पोराच्या जिवापुढं कुठल्याही खांबाचं मोल नाही. छत उतरवाच. आजच उतरवा. पण छत उतरवणं आणि घर दप्तरातून पुसणं ही दोन कामं आहेत.

1972 चा दुष्काळ मी नऊ वर्षांची असताना पाहिला. पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला जायची, शाळेत हजेरी घ्यायला कुणी नसायचं. संध्याकाळी कामावरून परत आलेली मुलं दादा ओट्यावर कंदील लावून बसवायचे. बोटांना चिंध्या बांधलेल्या, त्यामुळं लिहिता यायचं नाही, म्हणून नुसते पाढे आणि तोंडी हिशेब. कुणी सुकडी खात खात पाढे म्हणायचं, कुणी मधेच आडवं व्हायचं. कुणाला उठवायचं नाही असं दादांनी आईला सांगून ठेवलं होतं. ही शाळा कुठल्या वेळापत्रकात नव्हती. ती होऊ शकली, कारण मास्तर दिवस मावळल्यावर गावातच होता.

आणि 1982. 18 जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. पुस्तकात तो मुंबईचा इतिहास म्हणून येतो. आमच्या सोप्यात तो दोन रजिस्टरांत उतरला. पोस्टाच्या रजिस्टरात मनीऑर्डरींच्या ओळी कमी होत गेल्या, महिन्याच्या पानावर आठ, मग पाच, मग दोन. बायका तरी यायच्या. बसायच्या, पाणी प्यायच्या, उठून जायच्या. आणि त्या जूनमध्ये शाळेचं दाखलखारीज रजिस्टर भरलं, कारण मुंबईला खोली परवडेना म्हणून माणसांनी बायकापोरं गावी धाडली. भायखळ्याच्या, लालबागच्या शाळांचे दाखले घेऊन आलेली पोरं. काहींचे दाखले फीसाठी अडकलेले, त्यांना दादांनी तसंच बसवून घेतलं. या गावात आज पन्नाशीत असलेले कितीतरी जण त्या जूनमध्ये आलेले आहेत. तुमच्या दाखल्यावरची जन्मतारीख 1 जून असेल, तर ती बहुधा दादांनी याच ओट्यावर घातलेली आहे. आईला साल आठवायचं, महिना नाही. मग शाळा भरायचा महिना तोच जन्माचा.

1984 नंतरची हकीकत थोडक्यात सांगते. दादांची बदली झाली. नंतर एक तरुण जोडपं राहिलं, एक वर्षानं गेलं. मग कुणी राहिलं नाही. पोस्ट दुसरीकडं हललं. घरात आधी अंगणवाडी, मग पोषण आहाराचा तांदूळ, मग अडगळ.

का राहिलं नाही कुणी? शिक्षकांना दोष देणं सोपं आहे, आणि तो रोज दिला जातो. मी स्वतः प्राथमिक शिक्षिका म्हणून 2021 ला निवृत्त झाले, आणि शेवटची बारा वर्षं मी रोज येऊन-जाऊन नोकरी केली. हे मी आज उघड लिहिते. मला ज्या गावी नेमलं होतं तिथं राहण्यासारखी एक खोली नव्हती. संडास नव्हता. माझ्या मुलीचं कॉलेज तालुक्याला, मिस्टरांची नोकरी तिथंच. मी सकाळची एसटी धरायचे, संध्याकाळची परतीची. मुलांना मी शिकवलं, मनापासून शिकवलं, पण दिवस मावळल्यावर ते गाव कसं असतं हे मला बारा वर्षांत एकदाही कळलं नाही. कुठल्या घरी दारू आहे, कुठली पोरगी उपाशी निजते, कुणाचं लग्न ठरवायचं चाललंय, हे दादांना न विचारता कळायचं. मला ते कळेपर्यंत पोरगी शाळेतून गेलेली असायची.

मग ग्रामविकास विभागाचा 9 सप्टेंबर 2019 चा शासन निर्णय आला. मुख्यालयी राहत असल्याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव आणा. मला तो ठराव मिळाला. सगळ्यांना मिळाला. त्या गावची माणसं भली होती, बाईंचा घरभाडे भत्ता कशाला अडवायचा म्हणून त्यांनी हात वर केले. मी त्या सभेत मागं बसले होते, आणि माझ्यासाठी वर झालेले ते हात मला पाहवले नाहीत. ज्या पोरांना मी खोटं बोलू नका म्हणून सांगत होते, त्यांचेच आईबाप माझ्यासाठी खोट्यावर सह्या करत होते. 2022 मध्ये विधानसभेत यावरून वाद झाला, शिक्षक रस्त्यावर आले, दोन्ही बाजू तावातावानं बोलल्या. शिक्षकानं राहायचं कुठं, हा प्रश्न त्या गदारोळात पार मागं पडला.

तो प्रश्न आपल्या गावापुरता तरी आपल्याला सोडवता येतो. आत्ता, याच वर्षी.

आपल्या शाळेत नव्या भरतीतून एक शिक्षण सेविका आल्यात. लांबच्या जिल्ह्यातल्या, एकट्या. शिक्षण सेवकाला महिन्याला 16,000 रुपये मानधन आहे, तीन वर्षं. त्यात त्यांनी तालुक्याला खोली घेतली आहे, स्कूटीवर येतात-जातात, पावसात ओढ्याला पाणी आलं की पलीकडं थांबतात. दिवाळीत मी त्यांना भेटले. गावात खोली विचारली का, म्हटलं. त्या हसल्या आणि विषय बदलला. मी पुन्हा विचारलं नाही. साठ वर्षांपूर्वी खोली विचारण्याची वेळ दादांवर आली नाही, आणि आज या मुलीवर ती आली, याचं मला वाईट वाटतं. तिचं आडनाव मी इथं लिहिणार नाही, पण तुम्हाला समजलं असेल.

माझी मागणी अशी. सातवा विषय या सभेत मंजूर करू नका, तहकूब करा. एखाद्या शासकीय तंत्रनिकेतनाकडून त्या घराचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, आणि त्या वेळी काचा दाखवा. जोतं, भिंती, चौकट ठेवून वरचं माळवद काढून चांगले पत्रे नाहीतर स्लॅब टाकता येईल का, याचं अंदाजपत्रक शाखा अभियंत्यांकडून मागा. मागं संडास-बाथरूम आणि आत नळ हवाच, त्याशिवाय कुणी राहणार नाही, आणि राहावं असं म्हणायचा आपल्याला हक्कही नाही. वित्त आयोगाच्या निधीतून काय बसतं ते पाहा. ओपन जिमला विरोध नाही, पोरांना ती हवीच आहे. पाण्याच्या टाकीजवळची जागा रिकामी आहे, तिथं ती छान बसेल.

उरलेल्यासाठी लोकवर्गणी काढू. माझ्या पेन्शनचे तीन महिने मी पहिल्यांदा लिहिते. मुंबई-पुण्यात गेलेल्या मंडळींशी मी बोलायला लागले आहे. 1982 च्या जूनमध्ये आलेल्या दोघांनी पत्र्याचा खर्च उचलायची तयारी दाखवली आहे. वडील मिस्त्री असलेल्या एकानं तुळया बदलायचं काम मजुरी न घेता करतो म्हणून सांगितलं.

आणि अकराव्या विषयात खरं तेच लिहा. ‘सध्या गावात शिक्षकासाठी राहण्यायोग्य निवासस्थान नाही, ते दुरुस्त करण्याचे काम ग्रामपंचायतीने हाती घेतले आहे.’ असा ठराव जिल्हा परिषदेकडं पाठवा. कदाचित त्यावर कुणी उत्तर देणार नाही. पण त्या शिक्षिकेवर कारवाई व्हायची वेळ आली, तर गावानं खरं लिहून दिलेला एक कागद तरी तिच्या पाठीशी असेल.

आपल्याच जिल्ह्यात नायगावला सावित्रीबाईंचं घर आपण जपलंय. साताऱ्याच्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 ला भीमराव नावाचा मुलगा दाखल झाला, तर त्या रजिस्टरातली ती एक नोंद जपली आणि 2017 पासून त्या दिवसाला विद्यार्थी दिवस केलं. गुरुजींच्या घराला तसला दर्जा मी मागत नाही. स्मारक नको, पाटी नको, दादांचा फोटो तर मुळीच नको. तिथं चूल पेटावी आणि संध्याकाळी ओट्यावर दिवा दिसावा. शिक्षिका आठवड्यातले चार दिवस राहिली तरी पुष्कळ आहे. नसेल तिला राहायचं, तर पुढच्या माणसाला तरी घर विचारत फिरावं लागणार नाही.

मी 1 मेला सकाळी झेंडावंदनाला गावात आहे. सभा अकराला आहे, म्हणून नऊ वाजता मी घराशी थांबते. किल्ली मुख्याध्यापकांकडून घेतलेली असेल. ज्यांना भिंत पाहायची आहे त्यांनी या, सरपंच ताई, तुम्ही तर याच. माजघरात अंधार असतो आणि खालची काच बाकांच्या मागं आहे, तेव्हा येताना कुणीतरी मोठी बॅटरी आणा.

आपली,
गुरुजींची थोरली